कॅनॉपीचा सांधा

विमानाच्या प्लॅस्टिक प्रतिकृतीत काचेसारखे भाग संख्येने सर्वांत कमी असतात आणि काम बिघडवण्यात सर्वांत पुढे असतात. पंखाच्या सांध्यावर गोंद ओसंडला तर तो घासून काढता येतो, फट राहिली तर पुट्टी भरता येते, आणि अखेरीस रंगाचा थर सगळे झाकून टाकतो. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत म्हणजे कॅनॉपी, बॉम्बफेकी विमानाचे काचेचे नाक, प्रवासी विमानाच्या खिडक्या, मोटारीची पुढची काच यांना ही सवलत नाही. तिथे गोंदाचा एक थेंब किंवा बोटाचा एक ठसा कायमचा दिसत राहतो. हा सांधा स्वच्छ कसा साधावा याचे उत्तर शोधण्यात हौशी मंडळींच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. हाती लागलेली बहुतेक उत्तरे या छंदाच्या बाहेरून आली: सुताराच्या गोंदातून, फरशीच्या पॉलिशमधून आणि खऱ्या विमानांच्या दुरुस्तीतून.

१९३०च्या दशकात प्रतिकृती म्हटली की ती लाकडाची. ब्रिटनमध्ये १९३२ साली ‘स्कायबर्ड्स’ या नावाचे लाकडी संच बाजारात आले. त्यांची आखणी जेम्स हे स्टीव्हन्स यांनी केली होती आणि प्रमाण होते सहा फुटांना एक इंच, म्हणजे १/७२. पुढे विमानांच्या किटमध्ये हेच प्रमाण सर्वांत जास्त रुळले. त्या काळातली बरीचशी विमाने उघड्या कॉकपिटची असल्याने काचेचा प्रश्न छोटा होता. वैमानिकापुढे वारा अडवणारी एक बारीक काच असे. सेल्युलॉइडचा तुकडा कापून, दुमडून लाकडातल्या खाचेत बसवला की काम भागे.

दशकाच्या उत्तरार्धात बंद कॉकपिटची लढाऊ विमाने आली आणि अडचण वाढली. कॅनॉपीला आता दोन्ही बाजूंनी बाक होता, आणि सपाट पत्रा दुमडून तसा बाक येत नाही. बरेच जण कॅनॉपी लाकडातच कोरून तिच्यावर काळा, निळा किंवा चंदेरी रंग देत. ज्यांना एवढ्यावर समाधान नव्हते त्यांनी साच्याची एक घरगुती रीत बसवली. कॅनॉपीच्या आकाराचा लाकडी ठोकळा कोरायचा. प्लायवूडच्या फळीला त्या ठोकळ्याहून किंचित मोठे भोक पाडायचे आणि त्यावर सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पत्रा टाचण्यांनी ताणून बसवायचा. फळी शेगडीसमोर धरून पत्रा मऊ झाला की ठोकळा भोकातून एका दमात खाली दाबायचा. पत्रा फार तापला तर त्यात बुडबुडे येत, कमी तापला तर तो ठोकळ्याच्या कोपऱ्यावर फाटे. जमले तर मात्र कागदासारखे पातळ आणि लखलखीत कवच मिळे. पुढे काही दशकांनी कारखान्यांनी हीच रीत यंत्रावर आणली आणि तिच्यासाठी चांगली किंमत लावली.

हे कवच लाकडावर चिकटवण्यासाठी सेल्युलोजचा गोंद वापरत. त्यातल्या द्रावकाने ॲसिटेटची कडही विरघळे. काचेवर पांढरट डाग पडण्याची तक्रार त्यामुळे प्लॅस्टिकच्या किटहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ती काही काळ मागे पडली. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १/७२ प्रमाणाची पाच लाख विमाने करून घेण्याची मोहीम काढली. शत्रूचे विमान आकृतीवरून ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी ती हवी होती, म्हणून ती सगळी काळ्या रंगात रंगवायची होती. काच दाखवण्याची गरजच नव्हती.

पहिली प्लॅस्टिक किट त्याआधीच निघाली होती. लंडनमधील इंटरनॅशनल मॉडेल एअरक्राफ्ट ही कंपनी ‘फ्रॉग’ या नावाने उडणारी विमाने विकत असे. १९३६च्या अखेरीस तिने ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाखाली १/७२ प्रमाणाची, न उडणारी विमाने काढली. ती शोभेची असल्यामुळे नाव न उडणाऱ्या पक्ष्याचे. यांचे प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेट होते. ते साच्यात छान बसे, पण वर्षे जातील तसे आकसे आणि वाकडे होई. जे धड स्वतःच पीळ घेते त्याच्यावर कॅनॉपी नीट टिकण्याची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. संग्राहकांकडे आज जी पेंग्विन विमाने आहेत त्यांतली अनेक कुठे ना कुठे वाकलेली आहेत.

खरी सुरुवात पॉलिस्टायरीनने झाली. जर्मनीत १९३०च्या सुमारास आणि अमेरिकेत त्याच दशकाच्या अखेरीस हे प्लॅस्टिक कारखान्यांतून निघू लागले, आणि महायुद्धानंतर ते स्वस्त झाले. ब्रिटनमध्ये निकोलस कोव्ह या हंगेरियन स्थलांतरिताने १९३९ मध्ये काढलेल्या एअरफिक्स कंपनीने १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज वूलवर्थ दुकानांतून दोन शिलिंगांना विकायला काढले. पुढच्या वर्षी स्पिटफायर आले. अमेरिकेत त्याच सुमारास रेव्हेल, मोनोग्रॅम, ऑरोरा यांची किट घरोघर पोचली. कॅनॉपी आता घरी साच्यातून काढावी लागत नव्हती. खोक्यातच, वेगळ्या पारदर्शक चौकटीला लटकून येत होती.

पॉलिस्टायरीन मुळात काचेसारखे स्वच्छ असते. सुमारे ९० टक्के प्रकाश ते आरपार जाऊ देते आणि त्याचा अपवर्तनांक १.५९ आहे, म्हणजे खिडकीच्या साध्या काचेहूनही थोडा जास्त. विमानाचे धड, पंख आणि चाके ज्या पॉलिस्टायरीनची असतात त्यात पुढे रबर मिसळू लागले, त्यामुळे ते चिवट आणि अपारदर्शक झाले. काचेच्या भागात रबर घालता येत नाही. म्हणून एकाच खोक्यातले दोन भाग रसायनाने सख्खे भाऊ आणि स्वभावाने परके असतात. धडाचा तुकडा वाकतो. कॅनॉपीचा तुकडा वाकवला की तडकतो. चौकटीपासून तो निप्परने एका घावात तोडला तर बुंध्याशी पांढरी चीर उमटते, आणि ती कधी कधी थेट पुढच्या काचेपर्यंत धावते. अनुभवी हात आधी चौकटीची दांडी लांबवर कापतात आणि उरलेला खुंट बारीक करवतीने किंवा पॉलिश पेपरने कमी करतात.

खरी विमाने मात्र वेगळ्या प्लॅस्टिकच्या काचा वापरत होती. ब्रिटनमधील आय.सी.आय. कंपनीचे पर्स्पेक्स आणि जर्मनीतील ओटो रोम यांचे प्लेक्सिग्लास ही दोन्ही ॲक्रिलिकची नावे. १९३०च्या दशकात बाजारात आलेले हे प्लॅस्टिक महायुद्धातील जवळजवळ सगळ्या विमानांच्या डोक्यावर होते. किटमधली काच मात्र पॉलिस्टायरीनचीच राहिली. सोय अशी होती की तीच यंत्रे चालत, तोच कच्चा माल चाले आणि, कारखान्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, तोच गोंद सगळीकडे लागे. या शेवटच्या सोयीतच सगळा घोळ होता.

किटचा नळीतला गोंद रूढ अर्थाने चिकटवत नाही. टोल्युईनसारख्या द्रावकात थोडे पॉलिस्टायरीन विरघळवून तो दाट केलेला असतो. दोन्ही कडांवर लावला की द्रावक त्या कडा मऊ करतो, दोन्हीकडच्या साखळ्या एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. पंखाच्या दृष्टीने याहून चांगला जोड नाही. कॅनॉपीच्या बाबतीत याच गुणाचा दोष होतो. द्रावक जिथे पोचेल तिथला चकचकीत पृष्ठभाग विरघळतो आणि सुकताना खडबडीत होतो. साच्यातून निघताना प्लॅस्टिकमध्ये ताण अडकलेला असेल, तर द्रावकाच्या स्पर्शाने केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पसरते. नळीतून निघणारा गोंदाचा लांब तंतूही त्रासदायक असतो. नळी बाजूला नेताना तो तंतू हवेत ओढला जातो आणि नेमका काचेवर आडवा पडतो. १९५० आणि १९६०च्या दशकांत मुलांनी जोडलेल्या हजारो विमानांच्या कॅनॉपीवर ही खूण आहे. बोटाने ती पुसायला जावे तर डागाबरोबर ठसाही पक्का होतो.

मोटारींच्या किटमध्ये ही अडचण तुलनेने सौम्य होती, आणि त्याचे कारण रचनेत आहे. मोटारीची काच छताच्या आतून बसते. गोंद लागतो तो आतल्या कडेला, छताच्या आड. विमानाची कॅनॉपी बाहेरून, उघड्या कडेवर बसते आणि सांधा चारी बाजूंनी दिसतो. प्रवासी विमानांच्या खिडक्या आतून चिकटवायच्या असतात. तिथे दिसण्याचा प्रश्न कमी, पण धडाचे दोन अर्धे भाग जोडून झाल्यावर एखादी खिडकी बोटाच्या दाबाने आत पडली तर ती बाहेर काढण्याचा मार्ग उरत नाही. आत खुळखुळणारी खिडकी हा जुन्या प्रवासी विमानांच्या किटचा ठरलेला अनुभव आहे.

नळीच्या गोंदाला दुसरीकडूनही धक्का बसला. १९६०च्या दशकात अमेरिकेत मुले नशेसाठी तो हुंगू लागली आणि अनेक ठिकाणी त्याच्या विक्रीवर निर्बंध आले. इलिनॉय राज्यातील रॉकफर्डच्या टेस्टर्स कंपनीने दशकाच्या अखेरीस आपल्या गोंदात मोहरीतील झणझणीत तेल मिसळायला सुरुवात केली, म्हणजे जाणूनबुजून हुंगणाऱ्याला ठसका लागावा. याच काळात पाण्यासारखा पातळ गोंद लोकप्रिय होत गेला. त्यात दाटपणासाठी घातलेले प्लॅस्टिक नसे. दोन भाग आधी एकमेकांवर नीट टेकवून धरायचे आणि ब्रशचे टोक फटीला लावायचे; चहात टेकवलेल्या बिस्किटात चहा चढावा तसा गोंद फटीतून आपोआप पसरतो. तंतूचा त्रास संपला, डागांचा नाही. कॅनॉपी धडावर नेमकी टेकलेली असेल तरच हा गोंद सांध्यातच राहतो. तिथे केसभर फट असली, किंवा कॅनॉपी धरणाऱ्या बोटाची कड सांध्याला लागलेली असली, तर गोंद त्या वाटेने काचेवर येतो. शिवाय बंद कॉकपिटमध्ये कोंडलेली द्रावकाची वाफ काच आतून धूसर करू शकते, आणि आतली काच पुसायला वाट नसते.

झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद, म्हणजे सुपरग्लू, हा या इतिहासातला सर्वांत चमत्कारिक टप्पा आहे, कारण त्याचा जन्मच पारदर्शक प्लॅस्टिकच्या शोधातून झाला. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमपट्टीसाठी स्वच्छ प्लॅस्टिक शोधत होते. सायनोॲक्रिलेट हाती आले, पण ते ज्याला लागेल त्याला चिकटत होते, म्हणून ते बाजूला ठेवले गेले. १९५१ मध्ये टेनेसी राज्यातील किंग्सपोर्टच्या प्रयोगशाळेत कूव्हर यांच्या हाताखाली जेट विमानांच्या कॅनॉपीसाठी उष्णता सोसणारे प्लॅस्टिक शोधण्याचे काम चालू होते. फ्रेड जॉयनर यांनी या पदार्थाचा अपवर्तनांक मोजण्यासाठी त्याचा पातळ थर उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये लावला. मापन झाले, पण लोलक सुटेनात. महागडे उपकरण गेले, आणि कूव्हर यांना मात्र आपल्या हाती काय आहे ते या वेळी उमगले. १९५८ साली हा गोंद ‘ईस्टमन ९१०’ या नावाने विक्रीला आला.

कॅनॉपी शोधताना सापडलेला हा गोंद कॅनॉपीचाच वैरी ठरला. सायनोॲक्रिलेट सुकताना त्याची थोडी वाफ उडते. हवेतल्या ओलाव्याने ती जवळच्या पृष्ठभागावर घट्ट होते आणि पांढरी साय धरते. बोटांचे ठसे असतील तिथे ही साय अधिक धरते, इतकी की १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानी पोलिसांच्या प्रयोगशाळेत हाच गुण गुन्ह्याच्या जागेवरचे ठसे उठवण्यासाठी वापरात आला आणि तिथून जगभरच्या पोलिसांकडे गेला. लहानशा कॉकपिटवर या गोंदाचा एक थेंब टाकून कॅनॉपी बसवली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या आतल्या बाजूला जोडणाऱ्याचे स्वतःचे ठसे स्पष्ट उमटलेले दिसतात. पुढे कमी वाफ सोडणारे सायनोॲक्रिलेट आले, पण त्याच्यावर या कामात फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. मुंबईसारख्या दमट हवेत तर मुळीच बसू नये.

उत्तर मिळाले ते शाळकरी मुलांच्या दप्तरात. पॉलिव्हिनिल ॲसिटेट हे संयुग जर्मन रसायनज्ञ फ्रित्झ क्लाटे यांनी १९१२ मध्ये तयार केले होते. त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवले की दुधासारखा पांढरा गोंद होतो. अमेरिकेत बोर्डेन या दुधाच्या धंद्यातल्या कंपनीने १९४७ मध्ये असा गोंद काढला आणि १९५१ मध्ये त्याला ‘एल्मर्स’ हे नाव दिले. एल्मर हा कंपनीच्या जाहिरातीतल्या एल्सी गाईचा नवरा. भारतात मुंबईच्या बळवंत पारेख यांनी १९५९ मध्ये फेव्हिकॉल आणले. तोवर सुतार जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस तापवून वापरत. पांढऱ्या गोंदाने ती कटकट संपवली.

प्लॅस्टिकच्या दृष्टीने या गोंदाचा मोठा गुण म्हणजे तो प्लॅस्टिकचे काहीही करत नाही. पाणी उडून जाते, कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो, आणि पांढरा रंग जाऊन पारदर्शक थर उरतो. काच विरघळत नाही, धूसर होत नाही, तडकत नाही. लाकडाच्या छिद्रांत शिरून हा गोंद जी पकड घेतो तशी गुळगुळीत पॉलिस्टायरीनवर घेत नाही. फर्निचरच्या जाहिरातीतला न तुटणारा जोड इथे नखाने सुटतो. पण कॅनॉपीवर भार असतोच कुठे? ती पडू नये एवढेच तिचे काम. कमजोरीचा फायदाही आहे. बसवताना चूक झाली तर ओल्या कापसाने सगळे पुसून पुन्हा सुरुवात करता येते. सांध्यावर फट राहिली तर त्यात पांढरा गोंद सोडून ओल्या कापसाच्या काडीने कडेवरून एकदा फिरवले की फट भरते आणि काच कोरडी राहते. हेच पुट्टीने करायचे म्हटले तर काच घासली जाण्याची भीती असते.

या कामासाठी सुधारलेले गोंदही आले. अमेरिकेतील मायक्रोस्केल कंपनीच्या ‘क्रिस्टल क्लिअर’ने काडीच्या टोकावरून लहान खिडकीच्या भोकावर पडदा ताणता येतो, सुकल्यावर तीच काच होते. १/१४४ प्रमाणाच्या प्रवासी विमानांचा खिडक्या आत पडण्याचा जुना प्रश्न त्याने बराचसा सोडवला. ‘फॉर्म्युला ५६०’ हा गोंद तर रेडिओने उडवायच्या विमानांच्या कॅनॉपीसाठीच काढलेला होता. तोही पांढरा, पाण्याचाच, फक्त पकड जास्त. दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंदही स्वच्छ सांधा देतो आणि काच धूसर करत नाही. मात्र वर्षांनुवर्षांत तो पिवळसर पडतो आणि ओसंडला तर पुसणे कठीण, म्हणून तो सरसकट रुळला नाही.

दुसरे उत्तर मोरीच्या कपाटातून आले. अमेरिकेतील एस. सी. जॉन्सन कंपनीचे ‘फ्यूचर’ हे फरशीवर लावायचे पातळ ॲक्रिलिक पॉलिश. ब्रिटनमध्ये तेच ‘क्लिअर’ नावाने मिळे. कॅनॉपी त्यात बुडवून, कड कागदी रुमालावर टेकवून जादा पॉलिश निथळू दिले आणि धूळ बसू नये म्हणून वर पेला पालथा घातला की दुसऱ्या दिवशी काच नवी दिसे. बारीक ओरखडे भरून येत, पृष्ठभागाची खडबड सपाट होई. वर ॲक्रिलिकचा थर असल्याने सुपरग्लूची वाफ नुसत्या काचेइतकी उमटत नसे, असा अनेकांचा अनुभव. बिघडले तर अमोनियाच्या काच-क्लीनरने ते धुऊन टाकता येई. फरशी पुसण्याचा हा माल अनेक दशके मॉडेलच्या दुकानांतील कोणत्याही खास बाटलीपेक्षा जास्त विश्वासाचा राहिला. कंपनीने नावे बदलली तेव्हा मॉडेलकारांनी जुन्या बाटल्या साठवून ठेवल्या.

स्वच्छ सांधा साधल्यावर लक्ष जाडीकडे गेले. लढाऊ विमानाच्या खऱ्या कॅनॉपीची जाडी सहा-सात मिलिमीटर धरली, तर १/७२ प्रमाणात ती एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी हवी. साच्यातून इतके पातळ प्लॅस्टिक ओतणे शक्य नव्हते. किटची एक मिलिमीटर जाडीची कॅनॉपी म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरची भिंत. ती भिंगासारखी वागते, आतले यंत्रांचे फलक वाकडे दाखवते, आणि कड जाड असल्याने सांधाही मुळातच बटबटीत दिसतो. यावर न्यूझीलंडची फाल्कन आणि अमेरिकेची स्क्वाड्रन या कंपन्यांनी निर्वात साच्यातून काढलेल्या पातळ कॅनॉपी विकायला आणल्या. जुन्या लाकडी जमान्यातला तापवलेला पत्रा आता हवा शोषून साच्यावर बसवला जात होता.

अशी कॅनॉपी सुंदर दिसते, आणि कापायला अवघड असते. ती पत्र्याला जोडूनच येते. कड कुठे संपते ते ओळखून ती स्वतः सोडवावी लागते. अनुभवी लोक आतल्या पोकळीत मऊ माती किंवा ब्लू टॅक भरून कवच घट्ट करतात, नव्या पात्याने रेघेवरून हलका हात अनेकदा फिरवतात आणि कड पॉलिश पेपरवर घासून बेतात. हिचे प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन नसते, त्यामुळे किटचा गोंद तिला धड लागतही नाही. पांढरा गोंदच वापरावा लागतो. कोणी तिच्या कडेला पॉलिस्टायरीनची बारीक पट्टी जोडून बैठक करतात. कॅनॉपी उघडी दाखवायची असेल तर हा खटाटोप सार्थकी लागतो, कारण तेव्हा कड डोळ्यासमोर येते. बंद कॅनॉपीसाठी बहुतेक वेळा तो वाया जातो.

सांध्याबरोबर चौकटीचा रंग हा वेगळा व्याप होता. कॅनॉपीच्या पट्ट्या हाताने रंगवल्या तर रेघ वाकडी जाते. जुन्या काळी मोटारींच्या प्रतिकृतींना चंदेरी कडा देण्यासाठीचा बेअर मेटल फॉइल काचेवर चिकटवून, पट्टीच्या कडेने पात्याने कापून झाकण केले जाई. हाइन्केल १११ या जर्मन बॉम्बफेकी विमानाचे सगळे नाकच काचेचे. तेवढे झाकण कापण्यात पुरी रात्र जाई. जपानी वाशी कागदाच्या पातळ पिवळ्या मास्किंग टेपने हे काम सुकर केले. चेकोस्लोव्हाकियात १९८९ मध्ये सुरू झालेल्या एदुआर्द कंपनीने पुढे किटनिहाय यंत्राने कापलेली झाकणे काढली आणि कापण्याचे कामच संपवले. झाकणे लावल्यावर पट्ट्यांवर आधी कॉकपिटच्या आतला रंग, उदाहरणार्थ स्पिटफायरचा राखाडी-हिरवा, फवारतात आणि त्यावर बाहेरचा. त्यामुळे काचेतून आत पाहताना पट्टीची आतली बाजू योग्य रंगाची दिसते. अशी झाकलेली कॅनॉपी पांढऱ्या गोंदाने आधीच बसवली की रंगकामात कॉकपिटचेही रक्षण होते.

किट बनवणाऱ्यांनीही आपल्या बाजूने बदल केले. जेट लढाऊ विमानांच्या कॅनॉपी बुडापेक्षा वर फुगलेल्या असतात. एफ-१६ किंवा नाशिकजवळ ओझरला बांधल्या गेलेल्या सुखोई-३० यांच्याकडे पाहिले की हा फुगवटा ध्यानात येतो. असा आकार दोन भागांच्या साध्या साच्यातून निघत नाही, म्हणून सरकते साचे आले. त्यांची किंमत म्हणजे कॅनॉपीच्या मध्यावर उभी बारीक रेघ. ती पात्याने खरवडून, क्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश कापडाने घासून काढावी लागते. हे कापड ‘मायक्रो-मेश’ नावाने मिळते आणि ते खऱ्या विमानांच्या ॲक्रिलिक खिडक्यांवरचे ओरखडे काढण्यासाठीही वापरतात. काही किटमध्ये पारदर्शक भागातच धडाचा थोडा तुकडा घेतलेला असतो. मग सांधा काचेच्या कडेला न येता दोन पत्र्यांच्या खऱ्या जोडरेषेवर येतो, तिथे नेहमीचा गोंद चालतो आणि वर रंगही चढतो. या सगळ्या इतिहासात सर्वांत शहाणपणाची सुधारणा हीच म्हणायला हवी, कारण ती गोंदाकडे न पाहता सांध्याच्या जागेकडे पाहते.

ब्रिटनमध्ये १९६३ साली स्थापन झालेल्या आणि पुढे अनेक देशांत पसरलेल्या आय.पी.एम.एस. या मॉडेलकारांच्या संस्थेच्या स्पर्धांत परीक्षक काच स्वच्छ आहे का, गोंदाचे डाग किंवा भेगा आहेत का, हे आवर्जून पाहतात. अलीकडे अतिनील प्रकाशात काही सेकंदांत घट्ट होणारा राळेचा गोंदही वापरात आला आहे. दिव्यांच्या भिंगांसाठी तो उत्तम आहे. कॅनॉपीसाठी मात्र स्वस्त पांढरा गोंद अजून पुरेसा आहे: दहा वर्षांनी ती सुटली तर पुन्हा चिकटवता येते, आणि द्रावकाने विरघळलेल्या कॅनॉपीच्या जागी बसवायला खोक्यात दुसरी नसते.